साथीच्या काळात आरोग्यसेवकांचे मन : उशिरा दिसलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. त्यानंतर काही आठवड्यांतच, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर चालून गेला. रुग्णाला तेथे नेले की तो परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती. प्लेगचा इतिहास आपण मृतांचे आकडे, घरझडत्यांची जबरदस्ती आणि २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर झाडलेली गोळी यांच्या आधारे वाचत आलो आहोत. आतून रोगाची आणि बाहेरून जमावाची भीती सोसत त्या वॉर्डात रात्र काढणाऱ्या माणसांना मात्र त्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही.

अपवाद आहे तो सावित्रीबाई फुले यांचा. डॉक्टर असलेले त्यांचे पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तेथे आणले, त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही आठवण महाराष्ट्राने आदराने जपली आणि ते योग्यच झाले. पण साथीत रुग्णसेवा करणाऱ्याविषयी बोलण्याची आपली भाषा मुख्यतः त्यागाची राहिली, आणि त्या भाषेची एक अडचण आहे : सेवा करताना मरण पावलेल्याला तिच्यात मोठा मान मिळतो, पण सेवा करता करता घाबरलेल्या, झोप उडालेल्या, कामावर जाण्याचा धीर न उरलेल्या माणसासाठी तिच्यात शब्दच नसतो. अशा माणसाला कच खाल्लेला म्हणतात आणि विषय संपतो.

कायद्याची नजरही वेगळी नव्हती. प्लेगमुळेच १८९७ चा साथरोग कायदा आला. त्या चार-पाच कलमी कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले आणि त्याखाली सद्‍भावनेने काम करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण दिले. काम करणारा थकतो किंवा खचतो, हा विचार त्याच्या कक्षेत नव्हता. हाच कायदा, जवळपास आहे तसा, मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरात आला.

मधल्या काळात या प्रश्नाला निदान नाव तरी मिळाले. न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तेथील सहकाऱ्यांच्या अवस्थेसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला, आणि पुढे क्रिस्टिना मासलाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. भावनिक दमणूक, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणे सुटत जाणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे मानली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचा समावेश आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून केला. हा भेद तांत्रिक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण मूळ कामात असेल तर उपायही कामाच्या रचनेत शोधावा लागतो, केवळ कर्मचाऱ्याला प्राणायाम शिकवून भागत नाही.

साथ आणि आरोग्यसेवकाचे मन यांचा संबंध पद्धतशीरपणे अभ्यासला गेला तो २००३ मध्ये, सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराच्या निमित्ताने. जगभरात ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे नंतरच्या मानाने ही साथ लहानच होती. पण तिच्यातील सुमारे पाचवा हिस्सा रुग्ण स्वतः आरोग्य कर्मचारी होते, कारण हा विषाणू बाजारापेक्षा रुग्णालयात अधिक पसरला. या नव्या आजाराविषयी जगाला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी त्याच आजाराने २९ मार्च २००३ रोजी बँकॉकमध्ये मरण पावले. हाँगकाँग, सिंगापूर आणि कॅनडातील टोरांटो येथे परिचारिका व डॉक्टर एकाच वेळी उपचार करणारे, संशयित रुग्ण आणि शेजाऱ्यांनी टाळलेली माणसे झाले.

टोरांटोतील मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय साथीबरोबर सोडून दिला नाही, हे विशेष. साथ ओसरल्यावर १३ ते २६ महिन्यांनी त्यांनी सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरांटोतील ९ आणि तसे रुग्ण न आलेल्या हॅमिल्टनमधील ४ रुग्णालयांतील मिळून ७६९ कर्मचाऱ्यांची पाहणी केली. बर्नआउटचे प्रमाण हॅमिल्टनमध्ये १९.२ टक्के, तर टोरांटोत ३०.४ टक्के आढळले. टोरांटोतील कर्मचाऱ्यांमध्ये रुग्णांशी थेट संबंध आणि कामाचे तास कमी करण्याकडेही कल अधिक होता. म्हणजे साथ संपल्यानंतर दीड-दोन वर्षांनीही रुग्णालय तिची किंमत मोजत होते. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगाचा होता : आपल्याला पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण आणि पाठबळ मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यावर परिणाम कमी झाला होता. कोविड येण्याच्या तेरा-चौदा वर्षे आधी हे छापून आलेले होते.

भारतात त्याची चर्चा जवळजवळ झाली नाही. केरळात मे २०१८ मध्ये निपाहच्या साथीत रुग्णसेवा करताना लिनी पुथुसेरी या परिचारिकेचा मृत्यू झाला, तेव्हा अतिदक्षता विभागातून तिने पतीला लिहिलेली चिठ्ठी देशभर वाचली गेली. लोक हेलावले, पण तिच्यासोबत ड्युटी केलेल्यांचे पुढे काय झाले हा प्रश्न त्या हेलावण्यात मागे पडला.

कोविडचा पहिला मोठा पुरावा चीनमधूनच आला. जानेवारी २०२० च्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी ३४ रुग्णालयांतील १,२५७ आरोग्यसेवकांच्या पाहणीत ५०.४ टक्के जणांत नैराश्याची, ४४.६ टक्के जणांत चिंतेची, तर ३४ टक्के जणांत निद्रानाशाची लक्षणे दिसली. प्रश्नावलीने मोजलेली लक्षणे म्हणजे निदान नव्हे, हे ध्यानात ठेवूनही हे आकडे गंभीर होते. परिचारिका, स्त्रिया आणि थेट रुग्णांजवळ काम करणारे यांच्यावर भार अधिक होता.

भारतात २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात दिल्लीतील निवासी डॉक्टर घरमालक आपल्याला घराबाहेर काढत असल्याची तक्रार गृहमंत्र्यांकडे करत होते. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने मरण पावलेल्या एका डॉक्टरांचे दफन जमावाने होऊ दिले नाही. १८९६ चा आर्थर रोड वेगळ्या रूपात परतला होता. २२ एप्रिलच्या अध्यादेशाने १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरली; हिंसेच्या व्याख्येत त्यांच्या राहण्याच्या व कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणारा छळही आला. सव्वाशे वर्षांत या कायद्याने टाकलेले हे मोठे पाऊल होते, पण बाहेरून येणाऱ्या घावापुरतेच.

आतला घाव वेगळा होता. पीपीई किट चढवले की पाच-सहा तास पाणी नाही, प्रसाधनगृह नाही, घामाने चष्मा धूसर, आणि समोरच्या रुग्णाला आपला चेहराही दिसत नाही. घरी गेले तर लहान मुलाला दाराआडून पाहायचे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, यात प्राणवायूच्या टंचाईची भर पडली. नाशिकमधील महापालिकेच्या रुग्णालयात २१ एप्रिलला प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. काय करायला हवे हे ठाऊक असून साधनांअभावी ते करता न येणे, यातून येणाऱ्या अपराधभावाला ‘नैतिक जखम’ म्हणतात. ही संकल्पना अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी मांडली. कोविडमध्ये ती रुग्णालयांना लागू पडली.

उतरंडीत खाली जावे तसा हा विषय अधिक अदृश्य होतो. वॉर्डातील मावशी आणि मामा, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांच्या पाहण्या क्वचितच झाल्या. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशाताईंनी घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासली, दारे तोंडावर बंद झालेली पाहिली, आणि जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी त्यांना संपावर जावे लागले. कोविडच्या कामासाठी केंद्राकडून त्यांना मिळणारा भत्ता महिना १,००० रुपये होता. त्यांच्या मानसिक आरोग्याविषयी बोलताना ही रक्कम वगळून बोलणे मला अप्रामाणिक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मरण पावले. जे जगले त्यांच्यासाठी काही ठिकाणी व्यवस्था उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कच्या आपत्कालीन विभागातील डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केली. मदत मागितली तर परवाना जाईल, या अमेरिकी डॉक्टरांमधील जुन्या भीतीची चर्चा त्यानंतर उघडपणे झाली आणि मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू झाली. ती सर्वांसाठी आहे, आरोग्यसेवकांसाठी वेगळी नाही.

कामाच्या तासांचा मुद्दा त्याहून जुना आहे. निवासी डॉक्टरांनी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा अधिक काम करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून १९९२ मध्ये लेखी कळवले होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृती दलाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात निवासी डॉक्टरांसाठी शिफारस केलेली मर्यादा आठवड्याला ७४ तासांची आहे.