हिमोक्रोमॅटोसिस : लोहाचा आजार आणि त्याची फसवी नावे

‘हिमोक्रोमॅटोसिस’ हे नाव रक्त आणि रंग या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून आले आहे. ज्या आनुवंशिक आजारात आतडे गरजेपेक्षा जास्त लोह शोषून घेत राहते आणि ते यकृत, स्वादुपिंड, हृदय व सांध्यांत वर्षानुवर्षे साचत जाते, त्याच्या नावात लोहाचा मागमूसही नाही. हे नाव पडले तेव्हा डॉक्टरांना दिसत होता तो फक्त रंग.

पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये मधुमेह, यकृताचा सिरोसिस आणि काळवंडलेली त्वचा ही तीन लक्षणे एकाच रुग्णात आढळल्याची नोंद केली. पुढे फ्रेंच वैद्यकात या त्रयीला ‘कांस्यवर्णी मधुमेह’ म्हटले जाऊ लागले. वर्णन म्हणून ते नेमके होते, पण त्वचेचा तो रंग मुख्यतः मेलॅनिनमुळे येतो, लोहाचा त्यातला वाटा थोडाच. १८८९ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फोन रेक्लिंगहाउझन यांनी शवविच्छेदनात दिसलेल्या तपकिरी कणांवरून ‘हिमोक्रोमॅटोसिस’ हा शब्द घडवला, कारण हे रंगद्रव्य रक्तातून उतरते असे त्यांचे मत होते.

वास्तविक त्या कणांत लोह आहे हे दाखवणारी कसोटी त्याआधीच उपलब्ध होती. माक्स पेर्ल्स यांनी १८६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ऊतींच्या पातळ कापावर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात. काही मिनिटांत लोह असलेले कण निळेशार होतात, आणि चित्रकारांच्या पेटीतला ‘प्रशियन ब्लू’ तो हाच. यकृताच्या बायॉप्सीत आजही हीच तपासणी होते. रेक्लिंगहाउझन यांनीही लोह असलेले आणि नसलेले रंगद्रव्य वेगळे ओळखले होते; तरी नाव राहिले ते रक्ताचे.

आजार जन्मजात चयापचय दोषातून होतो, असे इंग्लंडचे डॉक्टर जोसेफ शेल्डन यांनी १९३५ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेल्या ३११ रुग्णांच्या नोंदी तपासून मांडले. ते सर्वांना पटले नाही. अनेक रुग्णांचे मद्यपान उघड दिसत होते, त्यामुळे दारू व आहार यांनाच कारण मानणारा पक्ष १९६० च्या दशकातही प्रबळ होता. त्या काळच्या ग्रंथांत आजाराला ‘इडिओपॅथिक’, म्हणजे अज्ञातकारण, हे विशेषण लागलेले दिसते; माझ्या मते या साऱ्या नावांत प्रामाणिक तेवढे हेच एक.

वाद मिटायला फ्रान्समधील रेन या शहराचे काम उपयोगी पडले. तिथे मार्सेल सिमॉं आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हा आजार ‘एचएलए-ए३’ या ऊतिगटाशी निगडित असल्याचे दाखवले, आणि या ऊतिगटाची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात; म्हणजेच दोषी जनुकही तिथेच आहे आणि आजार अप्रभावी पद्धतीने, आईवडील दोघांकडून आला तरच, प्रकटतो. ते जनुक १९९६ मध्ये सापडले. त्याला प्रथम ‘एचएलए-एच’ म्हटले गेले, पण ते नाव दुसऱ्या एका क्रमाला आधीच दिलेले असल्याने ते ‘एचएफई’ झाले, आणि त्यातील ‘एफई’ या लोहाच्या रासायनिक चिन्हामुळे लोह अखेर नावात आले. त्यातला मुख्य बदल ‘सी२८२वाय’ असा लिहितात: प्रथिनातील २८२ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन. वायव्य युरोपीय वंशाच्या लोकांत, विशेषतः आयर्लंडमध्ये, तो सर्वाधिक आढळतो. भारतात तो अगदी विरळ आहे.

२००० च्या सुमारास सापडलेल्या ‘हेप्सिडिन’ची कथाही अशीच. यकृतात तयार होणारे हे लहान प्रथिन जीवाणू मारते असे आधी आढळले, म्हणून नावात यकृत आणि ‘मारक’ या अर्थाचा प्रत्यय आला. त्याचे खरे मोठे काम लोहावर ताबा ठेवण्याचे आहे, हे नंतर कळले. एचएफईमधील दोषामुळे हेप्सिडिन कमी पडले की पेशीतून लोह बाहेर सोडणारा ‘फेरोपोर्टिन’ हा दरवाजा उघडाच राहतो आणि आतड्यातले लोह रक्तात येत राहते. निरोगी शरीर दिवसाला साधारण १ ते २ मिलिग्रॅम लोह घेते आणि तेवढेच गमावते. जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीराकडे नाही.

म्हणून उपचार म्हणजे रक्त काढणे. मराठीत त्यासाठी आयुर्वेदातला ‘रक्तमोक्षण’ हा शब्द तयारच आहे, हेतू मात्र वेगळा: सुमारे ५०० मिलिलिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह निघून जाते, आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे ‘फेरिटिन’ हे रक्तातले प्रथिन उतरेपर्यंत हे करत राहतात.

आपल्याकडे ‘अंगात रक्त कमी’ हीच तक्रार ओळखीची असल्याने लोह जास्त होणे ऐकायलाही विचित्र वाटते. तरीही महाराष्ट्रातील थॅलेसेमियाच्या मुलांचे पालक ‘फेरिटिन’ हा शब्द रोज वापरतात. त्या मुलांना सतत रक्त द्यावे लागते आणि त्यातून लोह साचते, म्हणून या प्रकाराला ‘दुय्यम’ लोहाधिक्य म्हणतात. मुळात रक्तच कमी असल्याने त्यांचे रक्त काढता येत नाही. त्यांना लोह पकडून लघवी किंवा शौचावाटे बाहेर काढणारी औषधे देतात. त्या उपचाराला ‘किलेशन’ म्हणतात, आणि तो शब्द खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक नावावरून आला आहे.