युद्धकाळातील सैन्यनोंदणी आणि जनमत

सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठरावीक वयाच्या नागरिकांनी आपले नाव, वय आणि पत्ता सरकारदरबारी नोंदवावा, या व्यवस्थेला युद्धकाळात समाजातून मिळणारा पाठिंबा हा या लेखाचा विषय आहे. नोंदणी ही भरतीची पहिली पायरी. नाव नोंदवलेला प्रत्येक जण रणांगणावर जातोच असे नाही. त्यामुळे नोंदणीला होकार देणारे लोक पुढे परदेशी फौज पाठवण्याला विरोध करताना दिसतात.

पाठिंब्याची खरी कसोटी समानतेची असते. अमेरिकी यादवी युद्धात १८६३च्या कायद्याने ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन भरती टाळण्याची मुभा दिली. मजुराला ही रक्कम झेपणारी नव्हती. जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये भरतीसाठी नावांची सोडत सुरू होताच दंगल उसळली आणि शंभराहून अधिक लोक मारले गेले. जमावाने आपला राग कृष्णवर्णीयांवर काढला, त्यांच्या मुलांचा अनाथाश्रमही जाळला. अन्यायाची चीड खरी होती, पण ती कोसळली निरपराधांवर.

पहिल्या महायुद्धात उतरताना, १९१७ साली, हा अनुभव अमेरिकी सरकारच्या डोळ्यांपुढे होता. नव्या कायद्यात बदली माणूस देण्याची सोय काढून टाकली. नोंदणीचे काम लष्कराकडे न देता नेहमीच्या मतदान केंद्रांवर, स्थानिक नागरिकांच्या हाती सोपवले. ५ जून रोजी २१ ते ३० वयाच्या सुमारे एक कोटी पुरुषांनी नावे नोंदवली आणि १८६३सारखा उद्रेक झाला नाही. तरीही हा आकडा म्हणजे जनमताचा कौल मानणे चूक ठरेल: नोंदणी न करणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. सप्टेंबर १९१८मध्ये न्यूयॉर्क परिसरात हजारो तरुणांना कागदपत्रांसाठी रस्त्यात अडवून डांबून ठेवले गेले. त्यांतील बहुतेकांनी कायदा मोडलेला नव्हता. देशप्रेम आणि धाक यांची सरमिसळ झाली की खरा पाठिंबा किती, हे मोजणे अवघड होते.

दुसरी कसोटी म्हणजे संकट किती जवळचे वाटते. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४०मध्ये, जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर अमेरिकेतील जनमत चाचण्यांमध्ये सक्तीच्या भरतीचा पाठिंबा झपाट्याने वाढला. सप्टेंबरमध्ये कायदा झाला आणि १६ ऑक्टोबरला दीड कोटीहून अधिक पुरुषांची नोंद झाली. देश तेव्हा युद्धात उतरलेलाही नव्हता. मात्र वर्षभराने सेवेची मुदत वाढवण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२, म्हणजे अवघ्या एका मताने तरले.

थेट लोकांना विचारले गेले ते ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात. परदेशी लढण्यासाठी सक्ती करावी का, या प्रश्नावर ऑस्ट्रेलियाने १९१६ व १९१७ अशी दोनदा नकारार्थी मते दिली. कॅनडाने एप्रिल १९४२मध्ये परदेशी लढण्यासाठी सक्ती न करण्याच्या जुन्या वचनातून सरकारला मोकळे करण्यास सुमारे ६५ टक्क्यांचा कौल दिला; फ्रेंच भाषिक बहुसंख्य असलेल्या क्वेबेक प्रांतात मात्र ७० टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. देशभरची सरासरी अशा वेळी फसवी असते. या फ्रेंच भाषिक समाजाला हे युद्ध दुसऱ्यांच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, साम्राज्यासाठी वाटत होते, आणि बहुमताच्या जोरावर त्यांचे मन वळले नाही. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी सक्तीने भरती केलेले सैनिक युरोपात धाडण्याचा निर्णय नोव्हेंबर १९४४पर्यंत लांबवला, तो याच दुहीच्या भीतीने.