फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह : बर्फाच्या रस्त्यावर दोन्हींत काय फरक पडतो

सातारा, कराड, वाई, पाटण या भागात ज्यांच्याकडे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी आहे, त्यांतल्या फार थोड्यांनी ती बर्फासाठी घेतलेली असते. बामणोलीच्या बाजूचे पावसाळी रस्ते, चाळकेवाडीच्या पठारावरचा लाल चिखल किंवा शेतापर्यंत जाणारी काळ्या मातीची वाट, अशी कारणे त्यामागे असतात, आणि काही वेळा निव्वळ हौसही असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या दिवसांत हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात, पण ते गवतावर आणि गाड्यांच्या टपावर गोठलेले दव असते. त्याने रस्ता बंद होत नाही. बर्फाशी खरी गाठ पडते ती हिमाचल, काश्मीर किंवा लडाखला गेल्यावर. त्यातही ऑक्टोबर २०२० मध्ये मनालीजवळचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीला खुला झाल्यापासून ऐन हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरणे सोपे झाले आहे, आणि एमएच ११ पाटीची गाडी थेट लाहौलमधल्या सिस्सूच्या बर्फात नेण्याचे बेत इथल्या मित्रमंडळींत होऊ लागले आहेत. असा बेत ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘आपली गाडी चालेल का?’ त्याचे उत्तर देण्याआधी गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे हे पाहावे लागते, कारण फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्ह या दोन्हींत चारही चाके ओढतात हे खरे असले, तरी ती केव्हा ओढणार आणि कोणाच्या सांगण्यावरून ओढणार, हे दोन्हींत वेगळे आहे.

थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनरची फोर बाय फोर आवृत्ती, व्ही-क्रॉस या गाड्या पहिल्या प्रकारात येतात. एरवी त्या फक्त मागच्या चाकांवर चालतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते आणि चालकाने दांडा ओढला किंवा बटण फिरवले की ती पुढच्या आणि मागच्या एक्सलकडे (चाकांच्या जोडीच्या आसाकडे) जाणारे दोन्ही शाफ्ट एकमेकांना पक्के जोडते. जोडणी झाली की दोन्ही शाफ्टना एकाच गतीने फिरणे भाग असते. सरळ रस्त्यावर याची अडचण नसते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात आणि त्यांना जास्त फिरायचे असते. रस्ता बर्फाचा, चिखलाचा किंवा वाळूचा असेल तर एखादे चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण शाफ्ट, गिअर आणि टायरवर साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी वळणात अडखळते आणि पुढे यंत्रणेचे नुकसान होते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नसावी. चिखलात ट्रॅक्टरचे एक चाक जागेवर फिरू लागले की चालक डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच, बांधून ठेवणारे लॉकचे पायडल दाबतो, बाहेर निघताच सोडतो आणि ते दाबलेले असताना वळण घेण्याच्या भानगडीत पडत नाही. फरक इतकाच की ट्रॅक्टरचा तो लॉक मागच्या दोन चाकांना बांधतो, तर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना बांधते.

या गाड्यांत ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ अशा दोन पायऱ्या असतात. फोर हायमध्ये गिअर नेहमीचेच राहतात. फोर लोमध्ये ट्रान्सफर केसमधली आणखी एक गिअरजोडी मध्ये येते, चाकांचा वेग निम्म्याहून खाली उतरतो आणि त्या प्रमाणात ओढ वाढते. बहुतेक गाड्यांत फोर हाय चालत्या गाडीत, चाके सरळ असताना टाकता येते. फोर लोसाठी गाडी थांबवावीच लागते.

ऑल व्हील ड्राइव्ह हा दुसरा प्रकार. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप आवृत्ती, एक्सयूव्ही ७०० आणि ट्यूसॉन यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्त्या ही आपल्या रस्त्यांवर दिसणारी त्याची उदाहरणे. या गाड्या मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर अनेक चकत्यांचा एक क्लच असतो आणि तो संगणकाच्या हुकमाने कमीजास्त दाबला जातो. पुढचे चाक घसरू लागले, किंवा निघताना चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की क्लच आवळतो आणि ताकद मागेही जाऊ लागते. गरज संपली की तो ढिला होतो. चालकाने काहीच करायचे नसते. दोन एक्सलमध्ये पक्के बंधन नसल्यामुळे कोरड्या डांबरावरच्या वळणात ताण साठत नाही. मात्र ट्रान्सफर केसमधला तो खालचा गिअर इथे नसतो, आणि खोल बर्फात बराच वेळ चाके फिरवत राहिल्यास क्लच तापतो. तो फार तापला तर स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो आणि गाडी पुन्हा दोन चाकांवर येते.

खरेदी करणाऱ्याचा गोंधळ होण्यास कंपन्याही हातभार लावतात. मारुतीने जिम्नी आणि ग्रँड व्हिटारा या दोन्हींसाठी ‘ऑलग्रिप’ हेच कुळनाव वापरले आहे. जिम्नीत ते ‘प्रो’ म्हणून पक्क्या जोडणीचे आणि खालच्या गिअरचे, तर ग्रँड व्हिटारात ‘सिलेक्ट’ म्हणून आपोआप चालणाऱ्या क्लचचे. याउलट, २०२३ पासून थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही विकली जाते. ती दिसायला फोर बाय फोर थारसारखीच असली, तरी बर्फावर तिचा काही उपयोग नाही. मागून ढकलली जाणारी, शेपटीकडे हलकी गाडी बर्फाच्या चढावर साध्या पुढच्या चाकांच्या हॅचबॅकपेक्षाही लवकर हार मानते. लँड क्रूझरसारख्या महागड्या गाड्यांत चारही चाके कायम चालती ठेवणारा आणि मध्यभागी डिफरन्शियल असलेला तिसरा प्रकारही असतो, पण साताऱ्यातून मनालीला निघणाऱ्यांत त्या गाड्या क्वचितच असतात.

बर्फात निघताना आणि चढताना दोन्ही यंत्रणा आपापले काम करतात. नुकत्याच पडलेल्या चार बोटे बर्फावर दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. हलक्या पायाने, शक्य असल्यास दुसऱ्या गिअरमध्ये निघावे. ऑटोमॅटिक गाडीत ‘स्नो’ मोड हेच करतो, म्हणजे ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतो. चाक जागेवर फिरू लागले तर थांबावे, कारण फिरणारे चाक खालचा बर्फ वितळवते आणि तो पुन्हा गोठून काचेसारखा होतो.

फरक दिसू लागतो तो बर्फ तुकड्यातुकड्यांचा असतो तेव्हा, आणि पर्यटकाच्या वाट्याला बहुतेक वेळा असाच रस्ता येतो. सीमा सडक संघटनेची यंत्रे बर्फ बाजूला सारतात, उन्हाची बाजू दुपारपर्यंत कोरडी होते आणि पुढच्याच वळणावर, डोंगराच्या सावलीत, डांबराच्याच रंगाचा पातळ बर्फ पसरलेला असतो. अशा रस्त्यावर फोर बाय फोरच्या चालकाची पंचाईत होते. फोर हाय लावून ठेवले तर कोरड्या वळणांवर यंत्रणेवर ताण येतो, आणि काढून टाकले तर सावलीतल्या वळणावर गाडी फक्त मागच्या चाकांवर पोहोचते. दर वळणाला दांडा हलवणारा चालक कागदावर शक्य असला, तरी गप्पा मारत, फोटो काढत निघालेल्या गाडीत तो मिळणे कठीण. शंका असेल तर फोर हाय लावून हळू चालावे आणि सलग कोरडा रस्ता लागल्यावरच ते काढावे. एखाद्या कोरड्या वळणात होणाऱ्या ताणापेक्षा सावलीतला घसरा महाग पडतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. माझ्या मते अशा मिश्र रस्त्यावर, नवख्या चालकाच्या हातात, चांगली ऑल व्हील ड्राइव्ह गाडी फोर बाय फोरपेक्षा अधिक सुरक्षित आहे. हे मत आपल्याकडच्या फोर बाय फोर मंडळींना फारसे रुचत नाही, याची कल्पना आहे.

उतारावर मात्र पारडे फिरते. अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड सुमारे ३,०६० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सुमारे २५ किलोमीटरवरचे मनाली सुमारे २,०५० मीटरवर, म्हणजे परतीच्या वाटेवर जवळपास हजार मीटर खाली उतरायचे असते. घाटात इंजिनाच्या ब्रेकवर उतरण्याची सवय पसरणी किंवा केळघर घाटातून ये-जा करणाऱ्याला असतेच. बर्फावर प्रश्न येतो तो हा, की इंजिनाचा तो ब्रेक कोणत्या चाकांवर लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो फक्त मागे लागतो, आणि गिअर अचानक खाली टाकला तर शेपूट बाजूला निघते. फोर हाय किंवा फोर लो लावलेले असेल तर तोच ब्रेक पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलवर विभागला जातो, त्यामुळे कोणतेही एक चाक पकड सोडण्याची शक्यता कमी होते. त्यातही फोर लोच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ब्रेकला पाय न लावता माणसाच्या चालीने उतरते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पाय उचलल्यावर मागचा क्लच बऱ्याचदा ढिला असतो, म्हणून इंजिनाचा ब्रेक मुख्यतः पुढच्या चाकांवर येतो. आणि वळायचेही त्याच चाकांनी असल्यामुळे गाडी वळणात सरळ पुढे जाऊ पाहते. अशा गाडीत क्लच जोडून ठेवणारा लॉक मोड असल्यास तो लावावा, आणि उतरणनियंत्रणाची सोय असेल तर तीही वापरावी. ही सोय चाकांचे ब्रेक स्वतःच थोडे थोडे दाबून वेग धरून ठेवते आणि ती उपयोगीही आहे, पण शेवटी तिचा भार ब्रेकवर असतो, गिअरवर नाही.

खोल बर्फात, म्हणजे जिथे रस्ता कोणी साफच केलेला नाही अशा ठिकाणी, तुलना फार वेळ टिकत नाही. तिथे फोर लो, गाडीच्या पोटाखालची जास्त उंची आणि मागच्या डिफरन्शियलचा लॉक यांनाच महत्त्व आहे. गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे असे लॉक असतात. लॉक नसलेल्या फोर बाय फोर गाडीत पुढचे एक आणि मागचे एक चाक जागेवर फिरत राहते आणि उरलेली दोन नुसती उभी असतात, हे अनेकांना पहिल्यांदा रुतल्यावरच कळते. काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतात आणि त्याने बऱ्याच वेळा सुटका होते. बर्फ पोटाला टेकला की मात्र चाके कितीही असली तरी गाडी तरंगते, आणि पुढचे काम फावड्याचे असते.

इथवरची सगळी चर्चा गाडी चालती ठेवण्याची झाली. ती थांबवताना दोन्ही यंत्रणांची किंमत सारखीच शून्य आहे, कारण ब्रेक सर्वच गाड्यांना चारही चाकांवर असतात. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते; दाबलेल्या बर्फावर हेच अंतर ३० मीटरच्या पुढे जाते आणि काचेसारख्या बर्फावर ६० मीटरच्याही पुढे, आणि यात चालकाला ब्रेक दाबेपर्यंत लागणारा वेळ धरलेला नाही. ही गणना पकडीची आहे आणि पकड टायरची असते. चारही चाके ओढणारी गाडी निघताना इतकी सहज निघते की रस्ता निसरडा आहे ही सूचनाच चालकाला मिळत नाही, ती मिळते पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर. हा धोका दोन्ही प्रकारांत आहे, पण ऑल व्हील ड्राइव्हमध्ये अंमळ जास्त, कारण दांडा ओढण्याच्या निमित्ताने का होईना, फोर बाय फोरचा चालक रस्त्याकडे एकदा नीट पाहतो.

म्हणून यंत्रणेइतकाच विचार टायरचा करावा लागतो. आपल्या गाड्यांवरचे टायर उष्ण रस्त्यांसाठी बनवलेले असतात आणि तापमान सुमारे ७ अंशांखाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते. जाड नक्षीचा, दणकट दिसणारा ऑल टेरेन टायर चिखलात उपयोगी असला तरी गोठलेल्या रस्त्यावर तो खऱ्या हिवाळी टायरची जागा घेत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह ज्यावर आहे, तो टायर बर्फावरची चाचणी पार केलेला असतो. केवळ एका सहलीसाठी चार टायर बदलणे परवडणारे नाही, म्हणून साखळ्या घ्याव्यात. त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा कमी असते आणि काही मापांत जाड साखळी बसतच नाही. साखळीवर वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या आतच ठेवावा आणि कोरडे डांबर लागताच ती काढावी.

बर्फवृष्टीनंतर मनालीहून सोलंगकडे जाताना पोलीस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. नियम त्या त्या दिवसाच्या परिस्थितीप्रमाणे बदलतो, त्यामुळे ऑल व्हील ड्राइव्हवाल्याने साखळ्या सोबत ठेवणे आणि त्या बसवता येणे, दोन्ही आवश्यक आहे.

साताऱ्यात राहून नवी गाडी घेणाऱ्याने निवड बर्फावरून करू नये, असे मला वाटते. काही वर्षांतून एखादी सहल हे त्यासाठी फार लहान कारण आहे. शेतापर्यंतची वाट पावसाळ्यात खरोखर रुतवणारी असेल तर फोर लो असलेली गाडी घ्यावी. पुणे-सातारा महामार्ग, कासचा डांबरी रस्ता आणि पावसातले घाट एवढाच वापर असेल तर ऑल व्हील ड्राइव्ह रोज कामाला येते, आणि फोर बाय फोरची पुढची चाके वर्षातले बहुतेक दिवस नुसती ओढली जातात.

फोर बाय फोर आधीच दारात असेल आणि उत्तरेकडे निघायचे असेल, तर महिनोन्‌महिने न हललेला तो दांडा निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा वापरून पाहावा, कारण वापराअभावी जोडणी अडकणे ही या गाड्यांची नेहमीची तक्रार आहे. चाचणी यवतेश्वर घाटाच्या कोरड्या वळणांवर घेऊ नये. पठारावरच्या एखाद्या कच्च्या वाटेवर, मातीत, फोर हाय आणि मग गाडी थांबवून फोर लो टाकावे, थोडे अंतर पुढे-मागे करावे, आणि डांबरावर परतण्याआधी दांडा मूळ जागी आला आहे व मीटरमधला दिवा विझला आहे, याची खात्री करावी.