इटालियन जेवायला येताय? आधी एवढं वाचा

नमस्कार.

पणजीत आमचं इटालियन रेस्टॉरंट सुरू झाल्यापासून आम्हांला दोन तऱ्हेचे फोन येतात. एक टेबल राखून ठेवण्यासाठी. दुसऱ्या फोनवरचा माणूस जरा चाचरत विचारतो: सोबत आई आहे, ती शिवराक (शाकाहारी) आहे, तिला काही मिळेल ना? मेनूतल्या नावांवरून काही कळत नाही, ऑर्डर द्यायची कशी? वाटून खाल्लं तर चालतं का? हे माहितीपत्रक त्या दुसऱ्या फोनसाठी लिहिलं आहे. पैसे मोजून जेवायला बसलेल्या माणसाला पुढ्यात काय आलं, त्यात काय पडलं आणि ते तसंच का, हे कळायलाच हवं. संकोच करत खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही.

जेवणाचा क्रम

आपल्या पानात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. मीठ, लिंबू, लोणचं डावीकडे, भाजी उजवीकडे, भात समोर, आणि सगळं एकदम वाढलेलं. इटलीत जागेऐवजी वेळ ठरलेली असते. सुरुवातीला चार घास भूक जागवणारे, त्यांना अँटिपास्टी म्हणतात. मग प्रिमो, म्हणजे पास्ता, रिसोत्तो (मऊ शिजवलेला इटालियन भात) किंवा सूप. त्यानंतर सेकोंदो, म्हणजे मासळी किंवा मांस, आणि त्याच्या बाजूला भाजी. शेवटी गोड.

हे ध्यानात आलं की आमच्याकडे सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: पास्ताची बशी एवढी लहान का? कारण पास्ता म्हणजे त्यांच्याकडे अख्खं जेवण नव्हे, जेवणाचा एक टप्पा. एका माणसाला साधारण 80 ते 100 ग्रॅम सुका पास्ता, हे तिथलं घरगुती माप आहे आणि आम्हीही तेच धरतो. केवळ पास्तावरच जेवण आटोपायचं असेल तर ऑर्डर देताना सांगा, आम्ही बशी मोठी देऊ आणि दर त्याप्रमाणे आधीच सांगू.

चार माणसं असाल तर आमचा सल्ला असा: सुरुवातीचे दोन पदार्थ, दोन पास्ता किंवा एक पास्ता आणि एक रिसोत्तो, एक अख्खी मासळी, आणि शेवटी दोन गोड. सगळं टेबलाच्या मध्ये ठेवून वाटून घ्या. रीतीप्रमाणे इटलीत प्रत्येकाची बशी वेगळी असते. पण गोव्यातलं कुटुंब एकमेकांच्या पानातलं चाखल्याशिवाय उठत नाही, आणि ते बदलावं असं आम्हांला मुळीच वाटत नाही. रिकाम्या बशा मागण्याची गरज पडणार नाही, त्या आधीच मांडलेल्या असतात.

शिवराक मंडळींसाठी

या भागावर आम्ही सर्वांत जास्त कष्ट घेतले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोमवार, श्रावण, चतुर्थीचे दिवस, घरातलं एखादं व्रत: आपल्याकडे नुस्तें (मासळी) खाणारा माणूसही वर्षातले कितीतरी दिवस शिवराक असतो. अशा माणसाला 'यात चिकन नाही, खा' एवढंच सांगणं आम्हांला पुरेसं वाटत नाही.

पहिली गोष्ट चीजची. पार्मिजानो रेज्जानो हे प्रसिद्ध चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. तो त्या चीजच्या ठरलेल्या नियमांचाच भाग आहे. रेनेट बदललं तर त्याला ते नाव लावता येत नाही. ग्राना पादानोमध्येही प्राणिजन्य रेनेट असतं, आणि मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे वरून किसून घातलेलं हे चीज काटेकोर शाकाहारी माणसाला चालणारं नाही. बऱ्याच ठिकाणी हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आमच्या मेनूत हिरवा ठिपका असलेल्या प्रत्येक पदार्थात भारतात तयार झालेलं, सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं चीज असतं. चव थोडी सौम्य लागते, हे मान्य. कमीत कमी 12 महिने मुरलेल्या पार्मिजानोचा खमंगपणा त्याला येत नाही. तरीही हिरव्या ठिपक्याचा अर्थ पक्का राहावा हे आम्हांला चवीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्यांना मूळ चीज चालतं त्यांनी तसं सांगावं, तेही आमच्याकडे आहे. मास्कारपोने हे मऊ चीज मात्र साय आंबट घटकाने घट्ट करून बनतं, त्यात रेनेटचा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट अंड्याची. उत्तर इटलीत, विशेषतः बोलोन्याच्या बाजूला, ताजा पास्ता अंड्यात मळतात. साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं. दक्षिणेत कडक गव्हाचा रवा आणि पाणी, एवढ्यावरच काम भागतं. पुलिया भागातला ओरेक्येत्ते असाच बनतो: पिठाची बोटभर जाड वळी करायची, तिचे लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा बोथट सुरीने लाकडी पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. खोलगट वाटीसारखा आकार येतो, एक बाजू खरखरीत राहते आणि रस्सा तिला धरून बसतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास आलात तर हे काम काचेपलीकडे चाललेलं दिसेल. मुलांना हात लावून बघायचा असेल तर आत बोलवतो. अंडं न खाणाऱ्यांसाठी हा ओरेक्येत्ते आणि सगळे सुके पास्ता मोकळे आहेत.

तिसरी गोष्ट गोडाची. पान्ना कोत्ता (सायीचं गोड) सहसा जिलेटिनने गोठवतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून येतं. आम्ही चायनाग्रास वापरतो. त्याचा पोत किंचित वेगळा, जरासा कुरकुरीत तुटणारा लागतो. म्हणून प्रमाण अगदी बेताचं ठेवावं लागतं. मानकुराद आंब्याच्या दिवसांत त्यावर मानकुरादचा रस असतो, आणि आमच्या मते तो पदार्थ तेव्हाच खावा. तिरामिसूत अंडं असतं. आम्ही पिवळा बलक साखरेसह वाफेवर फेटून शिजवतो, कच्चा ठेवत नाही, आणि त्यात दारू घालत नाही. तरी अंडं ते अंडंच, म्हणून त्याला हिरवा ठिपका नाही.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर आदल्या दिवशी कळवा. रिसोत्तोची सुरुवात कांद्याने होते आणि टोमॅटोचा रस्सा लसणीने, त्यामुळे आयत्या वेळी ते काढून घेता येत नाही. आधी कळलं तर स्वतंत्र पातेल्यात करतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिवराक पास्ता उकळण्याचं पाणी, कढया आणि तळणीचं तेल वेगळं आहे. लाकडाची भट्टी मात्र एकच आहे. पिझ्झा त्याच भट्टीत भाजला जातो जिथे थोड्या वेळापूर्वी मासळी भाजलेली असू शकते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी भट्टीतले पदार्थ टाळावेत.

बीफ आमच्या स्वयंपाकघरात येत नाही. बोलोन्याचा रागू (मांसाचा घट्ट रस्सा) मुळात बीफ आणि पोर्कचा. 1982 साली तिथल्या व्यापार मंडळात त्याची कृती रीतसर नोंदवलेली आहे. आमचा मटणाचा आहे, त्यामुळे मेनूत आम्ही त्याला बोलोन्याचं नाव लावलेलं नाही. कार्बोनारा पास्तात पोर्क आणि अंडं दोन्ही असतं. त्यात क्रीम मात्र नसतं. तो दाटपणा अंड्याचा आणि चीजचा असतो.

तिसऱ्यांचा पास्ता

नुस्तें खाणाऱ्या गोंयकाराने आमच्याकडे पहिल्यांदा काय मागवावं, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: स्पागेत्ती आल्ले वोंगोले. वोंगोले म्हणजे आपल्या तिसऱ्या (शिंपल्या). नेपल्सच्या किनाऱ्यावरचा हा पदार्थ गोव्यात करायला परदेशातून तिसऱ्या मागवायची गरजच नाही, त्या आपल्या खाडीत आहेत.

घरी आपण तिसऱ्यांचं सुकं करतो, ओलं खोबरं घालून. इथे खोबरं नाही, आंबट नाही. सकाळी आलेल्या तिसऱ्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवतो, म्हणजे त्या पोटातली रेती टाकतात. मग एकेक तपासतो. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली नाही तर ती फेकून देतो. तापलेल्या ऑलिव्ह तेलात ठेचलेली लसूण आणि सुकी मिरची, त्यावर तिसऱ्या, थोडी पांढरी वाईन आणि लगेच झाकण. दोनचार मिनिटांत शिंपल्या उघडतात आणि आतलं खारं पाणी कढईत उतरतं. तोच या पदार्थाचा रस्सा. अर्धवट उकडलेला स्पागेत्ती त्या पाण्यात शेवटची दोन मिनिटं शिजतो, ते शोषून घेतो, आणि वर पार्सलीची पानं पडतात. शिजूनही न उघडलेली शिंपली बशीत दिसली तर जोर लावून उघडू नका, बाजूला ठेवा.

या पास्तावर चीज घालायची रीत नाही, कारण तिसऱ्यांची चव नाजूक असते आणि ती चीजखाली दबते. एकदा तसाच चाखून पाहा. मग हवं असेल तर आणून देऊ. तिखट वाढवून हवं असेल तर तेही सांगा. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि इटलीतही अमेरिकेतूनच गेली. दक्षिणेकडच्या कालाब्रियातली माणसं आपल्याइतक्याच प्रेमाने ती खातात. वाईन शिजताना बरीचशी उडते, पण पूर्ण जात नाही. ज्यांना ती अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्यांच्याच पाण्यात पास्ता करतो.

बशीच्या तळाशी रस्सा उरेल. तो सोडू नका. इटलीतही घरोघरी पावाने बशी पुसून खातात. त्यासाठी फोकाच्या हा इटालियन पाव आहेच, पण आम्ही सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोईही आणून ठेवतो, आणि आमच्या मते या रश्शाला पोईच जास्त चांगली लागते.

1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात आमच्या मेनूतल्या मासळीच्या पानावर थोडेच पदार्थ राहतात. बर्फातली जुनी चणाक किंवा इसवण ताजी म्हणून वाढण्यापेक्षा ते बरं.

कच्चं, करपलेलं, पातळ

या तीन तक्रारी नेहमी येतात. त्यांतली प्रत्येक योग्य असू शकते, म्हणून ओळखायचं कसं ते सांगतो.

पास्ता चावताना मध्यभागी हलका टणकपणा लागावा, पण पिठाची चव येता कामा नये. पिठाची चव आली तर तो खरंच कच्चा आहे, परत पाठवा. घरात कोणाला चावण्याचा त्रास असेल तर दोन मिनिटं जास्त शिजवून देतो. आजी-आजोबांना सुखाने खाता येणं कोणत्याही रीतीपेक्षा मोठं आहे.

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा 400 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत होतो. इतक्या धगीत कडेला काळे ठिपके उठतात आणि मधला भाग मऊ, ओलसर राहतो. तसाच तो हवा. पण तळ सरसकट काळा आणि कडू असेल तर तो करपलेलाच आहे, आम्ही दुसरा करून देतो. पिझ्झा बनवण्याच्या या नेपल्सच्या कलेचा 2017 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. पिझ्झा हातानेच खा. थांबलात तर चिवट होईल, म्हणून आल्याबरोबर सुरुवात करा, बाकीच्यांची वाट पाहू नका.

रिसोत्तो बशीत पसरला पाहिजे, ढीग करून बसता कामा नये. त्याला ऑर्डरनंतर वीसेक मिनिटं लागतात. आधी शिजवून ठेवला तर तो लगदा होतो, त्यामुळे घाई असेल त्या दिवशी तो मागवू नका.

बिल आणि बाकीचं

बिलात पदार्थांच्या किमतीवर 5 टक्के जीएसटी असतो. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा कर असतो. सेवा शुल्क आम्ही लावत नाही. इटलीत बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसण्याचे माणशी पैसे घेतात, तेही आमच्याकडे नाहीत. बक्षिशी पूर्णपणे तुमच्या मर्जीवर. दर चढे आहेत हे आम्हांला ठाऊक आहे; ऑलिव्ह तेल, पीठ आणि डबाबंद टोमॅटो इटलीहून येतात, आणि पास्ता रोज हाताने वळायला माणसं लागतात. कुठे काटकसर करता येईल असं वाटत असेल तर वाढणाऱ्याला मोकळेपणाने बजेट सांगा, तो त्यात बसेल असं जेवण सुचवेल.

वाईनची यादी लहान आहे. काय घ्यावं कळत नसेल तर पेल्याने मागवा, बाटली नको. 21 वर्षांखालील कोणालाही मद्य मिळणार नाही, सोबत आईवडील असले तरी. कापुचिनो इटलीत सकाळचा समजतात, आमच्याकडे कधीही मिळेल.

पेहरावाचा नियम नाही. काट्याने स्पागेत्ती गुंडाळणं जमत नसेल तर चमचा मागा, किंवा हाताने खा.

शनिवार-रविवारी रात्री टेबल आधी राखून ठेवलेलं बरं. फोन करताना तीन गोष्टी सांगा: किती माणसं, त्यांत शिवराक किती, आणि पायऱ्या चढायला कोणाला त्रास आहे का. तसं असेल तर खालच्या खोलीतलं टेबल ठेवतो. शेंगदाणे, सुकामेवा, शिंपलीवर्गीय मासळी किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर तीही फोनवरच सांगा. हवेत मैदा उडत असतो, त्यामुळे गव्हाचा गंभीर त्रास असलेल्यांनी आमच्याकडे न येणंच सुरक्षित आहे. त्या दिवशी कोणती मासळी आली ते दुपारी चारनंतर विचारलंत तर नक्की सांगता येईल.