अविश्वास ठराव : कर्नाटक विधिमंडळ आणि बेळगाव सीमाभाग

सत्तारूढ मंत्रिमंडळावर विधानसभेचा विश्वास उरलेला नाही, असा कौल सभागृहाकडून मिळवण्यासाठी विरोधी पक्षाने मांडलेला प्रस्ताव. मंत्रिमंडळाच्या संदर्भात ‘अविश्वास’ हा शब्द भारतीय संविधानात येत नाही. राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, एवढेच अनुच्छेद १६४(२) सांगतो. बाकी सारे प्रत्येक सभागृहाच्या कामकाज-नियमांवर सोपवलेले आहे. लोकसभेत नियम १९८ नुसार असा प्रस्ताव दाखल होण्यासाठी पन्नास सदस्यांना उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध मांडला, याबद्दल वाद नाही. प्रांतिक कायदेमंडळांत मात्र ही कल्पना त्याआधीच रुजली होती. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने मंत्र्यांचे वेतन कायदेमंडळाच्या मतावर ठेवले आणि ते नाकारणे हाच अविश्वासाचा मार्ग ठरला. कायदेमंडळात शिरून आतून विरोध करू पाहणाऱ्या काँग्रेसजनांच्या स्वराज्य पक्षाने मध्यप्रांत आणि बंगालमध्ये तो वापरून द्विदल राज्यपद्धती (काही खाती मंत्र्यांकडे, बाकीची गव्हर्नरकडे) बंद पाडली. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या काँग्रेसने स्वराज्य पक्षाच्या या कायदेमंडळातील कामाला मान्यता दिली. म्हणून संसदीय विरोधाच्या इतिहासात काही जण बेळगावला मानाचे पान देतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे. स्वराज्यवाद्यांना मंत्रिमंडळ पाडून स्वतः मंत्रिपदे घ्यायची नव्हती, त्यांना ती चौकटच मोडायची होती. पर्यायी सरकार म्हणून उभा राहणारा आजचा विरोधी पक्ष त्याहून वेगळा. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

परिभाषा. सीमाभागातील मराठी वाचकाला या विषयाचे दोन शब्दसंच रोज भेटतात. काटेकोर मराठीत प्रस्ताव वेगळा, ठराव वेगळा. सभागृहापुढे मांडतात तो प्रस्ताव आणि संमत होतो तो ठराव. तरी ‘अविश्वास ठराव’ हेच रूप रुळले आहे. कन्नडमध्ये ‘अविश्वास निर्णय’ म्हणतात. मराठी कानाला निर्णय म्हणजे निकाल, त्यामुळे ‘अविश्वास निर्णय मांडला’ ऐकून सरकार पडलेच, असा नवख्याचा समज होऊ शकतो. आपला हक्कभंग तिकडे ‘हक्कुच्युती’, हरकतीचा मुद्दा ‘क्रियालोप’, स्थगन प्रस्ताव ‘निलुवळी सूचना’. सभात्याग मात्र दोन्हीकडे सभात्यागच. अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळ्या जागेत उतरण्याला मराठी बातमीदार ‘हौदात उतरले’ म्हणतो आणि कन्नड बातमीदार ‘बावि’त, म्हणजे विहिरीत. १९२४ च्या अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. तिचा या बाविशी अर्थातच काही संबंध नाही.

आघाडी सरकारे आणि संख्याबळ. कर्नाटक विधानसभेत २२४ निर्वाचित सदस्य असल्याने बहुमताचा आकडा ११३. आघाडी सरकारांचा अनुभव पाहता ती विरोधकांच्या अविश्वास ठरावाने क्वचितच पडतात. घटक पक्षाचे आमदार सुटतात, राज्यपालांकडे पत्रे जातात आणि मुख्यमंत्र्यालाच विश्वासदर्शक ठराव मांडावा लागतो. विरोधी नेत्याचे खरे काम सभागृहाबाहेर आधीच उरकलेले असते.

बहुमत सभागृहातच सिद्ध व्हावे, याचा न्यायालयीन पाया कर्नाटकातच घातला गेला. १९८९ मध्ये सत्ताधारी जनता दलाचे आमदार मोळकेरी यांनी १९ आमदारांची पाठिंबा काढल्याची पत्रे राज्यपालांना दिली. त्यांतील काहींनी लगेच माघार घेतली. बहुमत सभागृहात सिद्ध करू देण्याची मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांची विनंती नाकारली गेली आणि २१ एप्रिल १९८९ रोजी राष्ट्रपती राजवट आली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९९४ मध्ये निकाल दिला : बहुमत मोजण्याची जागा राजभवन नव्हे, सभागृह.

जुलै २०१९ चा प्रसंग बेळगाव जिल्ह्याशी थेट जोडलेला आहे. काँग्रेस आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांच्या आघाडीतून राजीनामे देऊन मुंबई गाठणाऱ्यांत गोकाकचे रमेश जारकीहोळी आणि अथणीचे महेश कुमठळ्ळी होते. कागवाडचे श्रीमंत पाटील यांनी राजीनामा दिलेला नव्हता. विश्वासदर्शक ठराव चर्चेला आला तेव्हा ते मुंबईतील रुग्णालयात होते. राजीनामे दिलेल्यांवर सभागृहात हजर राहण्याची सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै रोजी दिला आणि पक्षादेशाची (व्हिपची) धारच गेली. १८ जुलैला मुख्यमंत्री कुमारस्वामी यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला. दुसऱ्या दिवशी राज्यपालांनी घातलेली दुपारची मुदत टळली, मग संध्याकाळचीही टळली. येथे नेहमीची भूमिका उलटली : सत्ताधारी बोलत राहिले आणि विरोधी नेते येडियुरप्पा यांचे आमदार ‘मतदान घ्या’ म्हणत बसून राहिले. रांगेरांगेने सदस्य उभे करून शिरगणती झाली ती २३ जुलैला. बाजूने ९९, विरोधात १०५.

अध्यक्ष के. आर. रमेश कुमार यांनी नंतर १७ सदस्यांना अपात्र ठरवले. त्यांत जिल्ह्यातील हे तिघे होते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी अपात्रता कायम ठेवली, पण विधानसभेच्या उरलेल्या मुदतीपर्यंतची बंदी काढून टाकली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही भाजपचे उमेदवार म्हणून निवडून आले. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची (१९८५) राजीनाम्याच्या वाटेपुढे अपुरी पडते, हे या निकालाने उघडे केले. न्यायालयाने पक्षांतर आणि राजीनामा यांत भेद केला असला, तरी मतदाराला तो फारसा दिसत नाही.

बेळगावचे अधिवेशन. विधिमंडळाचे बेळगावातील पहिले अधिवेशन सप्टेंबर २००६ मध्ये केएलई संस्थेच्या आवारात भरले. सरकार जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजप यांच्या आघाडीचे होते. हलगा-बस्तवाड येथील सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. येथे अविश्वास ठरावापेक्षा निलुवळी सूचनेचाच वापर अधिक. विरोधी पक्ष नियम ६० खाली कामकाज तहकूब करून चर्चा मागतो, अध्यक्ष ती नियम ६९ खाली, म्हणजे अल्पकालीन चर्चा म्हणून घेतात. चर्चा होते, पण निंदेची धार बोथट होते. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती या अधिवेशनाला प्रत्युत्तर म्हणून व्हॅक्सिन डेपो मैदानावर महामेळावा जाहीर करते. परवानगी नाकारणे, जमावबंदी आणि धरपकड हेही त्या कार्यक्रमपत्रिकेचा भाग झाले आहेत.

मराठी सदस्य आणि भाषा. अनुच्छेद २१० नुसार विधानसभेचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. यांपैकी कोणत्याही भाषेत ‘पुरेसे’ व्यक्त होता न येणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. ‘देतील’ नव्हे, ‘देऊ शकतात’. सगळा वाद ‘पुरेसे’ या शब्दात आहे. अरुंद अर्थ घेतला, तर बाजारात मोडकी हिंदी बोलणारा खानापूरचा सदस्यही अपवादातून बाहेर पडतो. रुंद अर्थ घेतला, तर नियम ६० खालील सूचनेवर मुद्देसूद बोलता येणे ही कसोटी ठरते. संविधानाचा शब्द पाहता दुसरा अर्थ जवळचा वाटतो. परवानगी मिळाली, तरी समोरच्या मंत्र्याला भाषण कळेलच असे नाही. खोचक प्रश्नाला तत्काळ उत्तर मिळाले नाही, तर प्रश्नाची अर्धी ताकद तिथेच जाते.

समितीचे सदस्य बहुधा विरोधी बाकांवरच राहिले. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून समितीचे दोघे निवडून आले. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ नाहीसे झाले, हे एक कारण. समितीतील फूट हे दुसरे, आणि गावात बसून बोलणारी माणसे या दुसऱ्या कारणालाच आधी मोजतात.

विधान परिषद. ७५ सदस्यांच्या परिषदेत अविश्वास ठराव मांडता येत नाही, कारण मंत्रिमंडळ तिला जबाबदार नाही. बेळगावच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून (येथे स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य मतदान करतात) तेथे दोन सदस्य जातात.