संदर्भ दिला, पण पुरावा कुठाय?

"पण सर, ते दहा ठिकाणी दिलंय की!"

द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं मला हे ऐकवलं, तेव्हा तिच्या निबंधाखाली खरंच दहा संदर्भ होते. विषय सोलापूरकराच्या जिव्हाळ्याचा, मे 1930 मधलं सोलापूर. पहिलंच वाक्य असं होतं : 'देश स्वतंत्र होण्याआधी सतरा वर्षं सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं.' वाक्याच्या डोक्यावर बारीक 1, आणि खाली तळटिपेत दहा वेबपानांचे पत्ते ओळीनं. मी विचारलं होतं, "हे कशावरून?" तिनं उत्तर दिलं ते "हे कुठून घेतलं?" या प्रश्नाचं.

लेखनकौशल्याच्या तासाला माझा सगळ्यात जास्त वेळ या गल्लतीवर जातो. तू हे कुठून घेतलंस, हे संदर्भ सांगतो. वाचणाऱ्यानं ते का मानावं, हे पुराव्यानं दाखवायचं असतं. दोन्ही एकाच तळटिपेत बसतात, म्हणून मुलांना ते एकच वाटतात. त्यात मुलांचा फारसा दोष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे 2018 चे नियम आल्यापासून कॉलेजात संदर्भाचं नाव निघतं ते बहुतेक वेळा भीती घालायला. 'संदर्भ द्या, नाहीतर चोरी धरली जाईल.' मग मूल संदर्भ देतं, संदर्भ लिहिण्याच्या एपीए पद्धतीत स्वल्पविराम कुठे आणि एमएलए पद्धतीत कुठे याची काळजी करतं, आणि सुटलो असं समजतं. चोरीच्या आरोपातून ते सुटतंही, पण मुद्दा सिद्ध झालेला नसतो.

आम्ही दोघांनी ती दहा पानं उघडून बघितली. बहुतेकांवर तेच वाक्य शब्दशः होतं, एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूकसुद्धा पुढच्या तीन ठिकाणी तशीच उतरलेली. म्हणजे दहा जणांनी स्वतंत्रपणे सांगितलेली ही गोष्ट नव्हती, एकाचं वाक्य दहांनी उचललं होतं. दोन पानांवर तर तीनऐवजी चार दिवस होते. ते तिच्या नजरेतून निसटलं होतं, कारण तिनं पत्ते जमवले होते, मजकूर ताडून बघितला नव्हता.

हा फरक समजावून सांगायला मला परदेशी पाठ्यपुस्तकापेक्षा आपलं न्यायशास्त्र जवळचं वाटतं, म्हणजे कायद्याचं नव्हे, तर्काचा विचार करणारं जुनं न्यायदर्शन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. यात 'आग आहे' ही प्रतिज्ञा, म्हणजे आपला दावा. धूर हा हेतू, म्हणजे पुरावा. आणि 'जिथे धूर तिथे आग' हे जे दोघांना बांधून ठेवतं, त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, व्याप्ती म्हणतात. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं 1958 मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा, आधार आणि त्यांना जोडणारा दुवा आहे. आता समजा मी धूर पाहिलाच नाही, गुराख्यानं मला सांगितलं. तर गुराखी हा माझा संदर्भ. पुरावा अजूनही धूरच. 'गुराखी म्हणाला' एवढंच लिहून थांबलो, तर वाचणाऱ्याला धूर कधी दिसलाच नाही.

यावर वर्गातला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "सर, पण शब्द हेही प्रमाणच की." अगदी बरोबर. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, न्यायदर्शन मानतं, आणि शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासू माणसाचं, वचन. पण आप्त कोण? ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, तो. संदर्भाचा पुरावा होतो तो इथेच. 1930 मध्ये शहरात असलेल्या माणसानं लिहून ठेवलेली आठवण, त्या दिवसांचं वर्तमानपत्र, सरकारी पत्रव्यवहार यांना आप्त म्हणता येईल का, हे एकेक तपासून ठरवता येतं. लिहिणाऱ्याचं नावही नसलेल्या वेबपानाची ही तपासणी करायची कशी? आणि आप्त सगळ्याच बाबतींत आप्त नसतो. एका मुलानं याच विषयासाठी सोलापूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर संदर्भात टाकलं होतं. ग्रंथ भारदस्त, पण छापला 1884 साली.

आता तिच्या वाक्याकडे येऊ. दावा मोठा आहे आणि तो सुटू नये असं मलाही मनापासून वाटतं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या मुलीला या विषयावर लिहावंसं वाटतं, याचाच मला आनंद आहे. म्हणून तर पुरावा हवा.

हाताशी काय आहे? 5 मे 1930 ला गांधीजींना अटक झाली. शहर पेटलं. 8 तारखेला गोळीबार झाला. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. तिनं हे सगळं लिहिलं होतं, पण शेवटच्या पानावर, तारखांची यादी म्हणून. मी म्हटलं, "अगं, तुझा धूर इथे आहे." लष्करी कायदा घ्या. ज्या शहरात सरकारचा हुकूम चालतो तिथे लष्कर आणावं लागत नाही. नेहमीच्या पोलिसांकडून शहर आवरत नव्हतं, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

ती खुश झाली. मग मीच अडवलं. दंगल झाली तरी लष्कर येतं. दंगल म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. व्याप्ती इथे तुटते. सरकार हटलं हे दाखवून भागत नाही, त्याच्या जागी कुणीतरी शहर चालवत होतं हे दाखवायला हवं. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर रहदारी सांभाळत होते, असं सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिच्या निबंधात या गोष्टीचा उल्लेखच नव्हता, आणि नेमकी हीच सगळ्यात मोलाची होती. मी तिला हिराचंद नेमचंद वाचनालयात पाठवलं. म्हटलं, रहदारीची ही गोष्ट कुणी, कधी आणि काय पाहून लिहिली ते शोध.

उलटा प्रकारही होतो, तो थोडक्यात सांगतो. 'सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, म्हणून हा धंदा भरभराटीत आहे.' संदर्भ पक्का, मानांकन खरं. पण चादरीचं नातं सोलापूरशी आहे, एवढंच ते मानांकन सांगतं. माग किती चालू आहेत हे त्यातून कळत नाही. त्यासाठी शहराच्या पूर्व भागात जाऊन मागांची खटखट ऐकावी लागेल, कारखानदाराला आणि कामगाराला विचारावं लागेल.

हल्ली मी वहीत दोन रकाने पाडायला लावतो. डावीकडे 'कुठून घेतलं', उजवीकडे 'त्यानं काय ठरतं'. पहिल्या आठवड्यात डावा रकाना निळ्या शाईनं गच्च भरून येतो आणि उजवा कोरा. कोऱ्या रकान्यावर मी रागावत नाही. तिथेच बोट ठेवून पुढचा तास घेतो. चॅटजीपीटीनं दिलेली पुस्तकांची नावंही इथेच उघडी पडतात. जे पुस्तक हातात घेतलं नाही, त्यानं काय ठरतं हे लिहायचं कुठून?

दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. दहा संदर्भांतले आठ तिनं स्वतःच खोडले होते. पहिलं वाक्य आता असं होतं : 'मे 1930 मध्ये काही दिवस सोलापूर शहरावर ब्रिटिश सरकारचा प्रत्यक्ष अंमल उरला नव्हता, आणि शहर लोकांनीच सावरून धरलं होतं, असं मी या निबंधात दाखवणार आहे.' उजव्या रकान्यात चार ओळी होत्या, एक पेन्सिलनं, पुढे प्रश्नचिन्ह. वही माझ्याकडे सरकवत तिनं विचारलं, "सर, 'स्वतंत्र' हा शब्द मी शेवटच्या परिच्छेदात वापरला तर चालेल का? तोपर्यंत दाखवून झालेलं असेल की."