राणीछाप रुपया आणि चिंचेचा गोळा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या देवघरातला पितळी डबा बाहेर निघायचा. त्यात सात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेले चांदीचे रुपये. चिंचेचा गोळा आणि चिमूटभर रांगोळी घेऊन ते लख्ख करणं हे माझं काम, आणि मी ते मन लावून करायचो. पुढे नाण्यांचा नाद लागला. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि त्याखाली पहिल्यांदा तेच रुपये धरले. राणीच्या गालावर शेकडो बारीक ओरखडे होते. सगळे माझ्या हातचे.

जुन्या नाण्याची किंमत ठरते ती बहुतेक वेळा त्याच्या सर्वात वरच्या पापुद्र्यावर. कलदार, म्हणजे यंत्रावरचा, रुपया पाडताना चांदीची चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जायची. चांदी वितळत नाही, पण त्या दाबाखाली कणकेसारखी मधून कडेकडे सरकते. सरकताना अंगावर केसाहून बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात, ते या रेषांमुळे. घासलेलं नाणंही चकाकतं, पण घासलेल्या वाटीसारखं. त्यावर उजेड फिरत नाही. पारखी माणूस आधी हेच बघतो, साल नंतर.

मग झीज. हातोहात फिरताना आधी उंचवटे झिजतात. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुट, कानाजवळचे केस आणि छातीवरचं वस्त्राचं भरतकाम इथे नजर टाकायची. भरतकामाची नक्षी सुटीसुटी दिसत असेल तर नाणं फारसं फिरलेलं नाही. ती सपाट झाली असेल तर रुपयाने बरेच बाजार पाहिलेत.

या निरीक्षणाला आकडा देणारी पट्टी १ ते ७० अशी विचित्र आहे. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी आखली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याच्या ७० पट किंमत सर्वोत्तम नाण्याला मिळते, असा त्याचा हिशोब. तो हिशोब बाजाराने लवकरच मोडला, पट्टी मात्र जगभर टिकली. ६० किंवा त्याहून वरचं नाणं म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. (याच गृहस्थाने न्यूयॉर्कच्या एका संस्थेच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी आपली हलकी ठेवल्याचं पुढे उघडकीला आलं. पारख होतीच म्हणा.)

आता काळेपणाबद्दल. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो अगदी पातळ असताना, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसेच रंग नाण्यावर खेळतात: आधी पिवळसर, मग तांबूस, जांभळा, निळा. थर जाड झाला की काळा. संग्राहक या रंगांसाठी जास्त पैसे मोजतात, आणि आपण ते चिंचेने धुऊन काढतो! चिंचेने निदान ओरखडे तरी पडत नाहीत. रांगोळीतले दगडाचे कठीण कण चांदीच ओरबाडतात, आणि त्या सरकलेल्या रेषा एकदा गेल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. नाणं ठेवतानाही गंधकाची आठवण असावी. रबरबँड गुंडाळून ठेवला तर त्यातल्या गंधकाने नाण्यावर पट्टा उमटतो. पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो वेगळाच ताप.

वय आणि किंमत यांचं नातं मात्र लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. माझ्या सातपैकी चार रुपयांवर १८६२ साल आहे. पण ते साल ठशावर १८७४ च्या आसपासपर्यंत तसंच ठेवलं होतं. मुंबई टांकसाळीने खरं वर्ष नक्षीतल्या बारीक टिंबांनी दाखवलं. त्यामुळे १८६२ चे रुपये ढिगाने सापडतात. झिजलेला, घासलेला नग जवळपास चांदीच्या भावात जातो. एका रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळाभर, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. उलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याहून ७७ वर्षांनी धाकटा, तरी त्याच्यासाठी लोक मोठी रक्कम मोजतात. १९४० पासून रुपयात चांदी ५० टक्क्यांवर आली आणि आधीचे चांगल्या चांदीचे रुपये परत घेऊन वितळवले गेले. १९३९ चे त्यातून फार थोडे वाचले.

महाग झालं की नक्कल आलीच. पूर्वी दुकानदार रुपया दगडावर वाजवून घ्यायचे. खणखणला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. घरी त्याहून बरी युक्ती आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला टेकू न देता पाण्यात सोडायचा. काटा १.१३ च्या आसपास गेला पाहिजे. रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. ११.६६ ला त्याने भागलं की १०.३ येतं, ती या चांदीची घनता. जर्मन सिल्व्हरचा (नावातच चांदी, प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त) तितक्याच वजनाचा नग १.३४ दाखवेल. पण दुसऱ्या सालच्या अस्सल रुपयावर सालाचा शेवटचा आकडा कोरून ९ केला असेल तर हा प्रयोग हात टेकतो, कारण चांदी खरीच असते. तिथे पुन्हा भिंग.

आणि 'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' असे फोन आले तर फोन ठेवून द्यावा. आपण अशा खरेदी-विक्रीत नाही, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं होतं.

आमच्या डब्यातल्या एका रुपयाला कोणे एके काळी गळ्यातल्या माळेसाठी कडी जोडली होती. टाक्याचा डाग अजून आहे, त्यामुळे संग्राहकाच्या लेखी तो बाद. काळे रुपये पूजेला चालायचे नाहीत, असं आईचं म्हणणं. आता दर दिवाळीला तो एकटाच चिंचेने घासून पाटावर बसतो. बाकीचे सहा डब्यात, काळेच.